व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन झालंय? पोटरीवर असं लक्ष ठेवा

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा. मी सर्जरी विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करते. पेशंट घरी गेला की पहिला फोन आमच्याकडेच येतो. "सिस्टर, पाय काळानिळा पडलाय", "सिस्टर, घोट्याजवळ हात लावलेला कळत नाही", "सिस्टर, पोटरीत गाठ लागतेय". मी उलट तीन गोष्टी विचारते. ऑपरेशनला किती दिवस झाले? नेमकं कुठे? आणि कालच्यापेक्षा आज वाढलंय की उतरलंय? या तिन्हींची नीट उत्तरं मिळाली की घाबरायचं की नाही हे बहुतेक वेळा फोनवरच ठरतं.

ऑपरेशनआधी संमतिपत्रावर सही घेतात, त्यावर संभाव्य त्रासांची यादी असते. तिची पंचाईत ही, की काळंनिळं पडणं आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाणं हे दोन्ही शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरात छापलेलं असतं. पेशंट एक तर सगळ्यालाच घाबरतो, नाही तर कशालाच नाही.

ऑपरेशनच्या आधी करायची कामं

डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारून लिहून घ्या. कोणती शीर बंद करणार आणि कोणत्या पद्धतीने? पायात वरवरच्या दोन मोठ्या शिरा असतात. एक आतल्या घोट्याच्या पुढून निघून पायाच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते. दुसरी बाहेरच्या घोट्याच्या मागून पोटरीच्या मधोमध वर चढते आणि बहुतेकांत गुडघ्याच्या मागे खोल शिरेला मिळते. पद्धती म्हणाल तर शीर ओढून काढणं, लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) आतून भाजून बंद करणं, शिरेत औषधाच्या फेसाचं इंजेक्शन देणं, आणि फुगलेल्या फांद्या बारीक छेदांतून आकड्याने उपसणं. पुढे होणारा त्रास या दोन उत्तरांवर बराच अवलंबून असतो.

मग घरी पायाचे फोटो काढा, चारही बाजूंनी, उभं राहून. दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून ठेवा. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण करायची आणि त्या खुणेवर टेप धरायची. टेप आवळायची नाही, नुसती टेकवायची. दोन्ही आकडे तारखेसकट लिहून ठेवा. कापसाचा बोळा घोट्याभोवती, पावलाच्या दोन्ही कडांवरून आणि पोटरीवरून फिरवा आणि स्पर्श कुठे कमी लागतो का पाहा. टाचांवर चार पावलं चालता येतं का तेही बघा. बऱ्याच जणांना मधुमेहाने किंवा कंबरेच्या दुखण्याने आधीपासूनच बधिरपणा असतो आणि तो ऑपरेशननंतर पहिल्यांदा लक्षात येतो. मग सगळं खापर सर्जनच्या डोक्यावर.

रक्त पातळ करणारी गोळी, हार्मोनची किंवा गर्भनिरोधक गोळी, पूर्वी कधी झालेली गुठळी, घरात कुणाला झालेली गुठळी, कॅन्सरचा इलाज, यातलं काहीही असेल तर न विचारता सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. ते डॉक्टर ठरवतील.

पहिली रात्र: बँडेज

पहिल्या रात्री बँडेजच जास्त छळतं. बोटं उघडी असतात ती याचसाठी. अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. बोटं थंड, निळसर किंवा पांढरी पडली, मुंग्या थांबेनात, पाय वर ठेवूनही ठणका वाढतच गेला, तर बँडेज घट्ट झालंय. फोन करा, आणि फोन लागत नसेल तर ते सैल करा. रात्रभर सहन करत बसणं हा शूरपणा नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला, एक बारीक हाड वर आलेलं लागतं. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू पायात उतरतो आणि पाऊल वर उचलायचं काम करतो. तिथे बँडेजचा पीळ किंवा स्टॉकिंगची, म्हणजे पायाला दाब देणाऱ्या लांब घट्ट मोज्याची, गुंडाळी रुतली तर नुसत्या दाबानेही पाऊल लोंबू शकतं. म्हणून स्टॉकिंगचा वरचा काठ कधीही दुमडायचा नाही. लोक सर्रास दुमडतात, कारण तो घसरतो. घसरत असेल तर माप चुकलंय, बदलून घ्या. माप सकाळी, सूज यायच्या आत द्यायचं. आणि पायाच्या धमन्यांत अडथळा असणाऱ्याने घट्ट स्टॉकिंग तपासणीशिवाय घालूच नये.

किती दिवस घालायचे यावर प्रत्येक सर्जनचं मत वेगळं. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की ऑपरेशननंतर बँडेज किंवा स्टॉकिंग द्यायचंच असेल तर ७ दिवसांपेक्षा जास्त नको. काही सर्जन आजही त्याहून जास्त दिवस सांगतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर जे लिहिलंय ते करा. पायाला जखम असणाऱ्यांचा हिशेब निराळा, त्यांनी आपल्या मनाने काढू नये.

बँडेजवर रुपयाएवढा डाग पडला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. रेघेबाहेर भराभर पसरला, किंवा बँडेज भिजून रक्त खाली उतरलं, तर आडवे व्हा, पाय छातीच्या वर घ्या आणि त्या जागी तळहाताने दाब द्या, १० मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये उचलून बघायचं नाही. दर मिनिटाला "थांबलं का" म्हणून बघत राहिलं तर ते थांबत नाही. दोरी, रुमाल असं वर काही आवळून बांधू नका. १० मिनिटांनी थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून दवाखाना गाठा.

काळंनिळं आणि गाठी

हे जवळजवळ सगळ्यांना होतं. शीर ओढून काढली असेल तर जास्त, लेसरमध्ये कमी. आधी जांभळं, मग हिरवट, मग पिवळं, आणि दोन ते चार आठवड्यांत नाहीसं. एक गोष्ट लोकांना दचकवते. मांडीत काम झालेलं असतं आणि पाचव्या दिवशी घोटा काळा पडतो. रक्त वजनाने खाली उतरतं, एवढंच. नवा रक्तस्राव नव्हे.

गाठींचं थोडं सविस्तर सांगते, कारण फोन त्यांचेच जास्त. काढलेल्या शिरेच्या वाटेत रक्त साचून घट्ट होतं, किंवा राहिलेल्या फांदीत रक्त गोठतं. हाताला टणक लागतं, दाबलं की दुखतं. गंमत अशी की वरचा काळानिळा रंग उतरायला लागला की त्या जास्त जाणवतात, म्हणून पेशंटला वाटतं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवीनच काही झालं. बहुतेक गाठी काही आठवड्यांत मऊ होतात, पूर्ण जिरायला तीनेक महिनेही लागतात. लेसर केलेल्यांना आठवड्याच्या सुमारास पायाच्या आतल्या बाजूने ताणल्यासारखं होतं, पाय सरळ केला की कातडीखाली दोरी ओढली जातेय असं वाटतं. बंद केलेली शीर आक्रसतेय. चालत राहा, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी जेवणानंतर घ्या.

गाठ तेल लावून रगडू नका. घरातलं कुणी ना कुणी "जरा चोळून देते" म्हणत पुढे येतंच, त्यांना प्रेमाने लांब ठेवा.

फोन कधी करायचा? गाठ तासाभरात फुगत गेली आणि कातडी ताणून चकाकायला लागली तर लगेच. शिरेच्या रेषेवरची लाल, दुखरी गाठ रोज थोडी थोडी वर सरकत जांघेकडे किंवा गुडघ्यामागच्या खळगीकडे निघाली तर त्याच दिवशी. तिथे ती खोल शिरेला जाऊन मिळू शकते, म्हणून सोनोग्राफी लागते.

बधिरपणा, मुंग्या, लोंबणारं पाऊल

गुडघ्याखाली आतल्या बाजूची मोठी शीर आणि एक मज्जातंतू अगदी चिकटून चालतात. बॅबकॉक या अमेरिकन सर्जनने १९०७ मध्ये शिरेत लांब तार घालून ती ओढून काढायची रीत सांगितली. पुढे कित्येक वर्षं शीर थेट घोट्यापर्यंत काढली जायची आणि हा मज्जातंतू ओढला जायचा. आता बहुतेक सर्जन गुडघ्याच्या जरा खालीच थांबतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. तरीही पोटरीतल्या फांद्या काढताना किंवा लेसरच्या उष्णतेने त्याला धक्का बसू शकतो. मग नडगीच्या आतल्या बाजूला आणि घोट्याजवळ बधिर वाटतं, मुंग्या येतात, चादर लागली तरी झणझणतं. मागच्या शिरेचं काम झालं असेल तर हाच प्रकार बाहेरच्या घोट्यामागे आणि करंगळीकडच्या कडेला होतो.

हे दोन्ही मज्जातंतू फक्त स्पर्शाचे आहेत. त्यांच्यामुळे पायातली ताकद जात नाही, चालण्यात फरक पडत नाही. दुखावलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे फरक आठवड्यांत न दिसता महिन्यांत दिसतो. काही जणांना हातभर जागेचा बधिरपणा आक्रसत शेवटी नाण्याएवढा उरतो आणि तसाच राहतो. मी एक काम सांगते. महिन्यातून एकदा कापूस फिरवून बधिर जागेच्या कडेने पेनाने रेघ काढा आणि फोटो घ्या. रोज चाचपून काही कळत नाही, महिन्याच्या दोन फोटोंत कळतं.

बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको. भाजलेलं कळणारच नाही.

ताकद गेली तर मात्र गोष्ट वेगळी. पाऊल वर उचलता येत नाही, चालताना अंगठा जमिनीला घासतो, टाचांवर उभं राहता येत नाही, किंवा उलट पंजावर उभं राहता येत नाही. मागच्या शिरेच्या ऑपरेशनमध्ये गुडघ्यामागचे मोठे मज्जातंतू जवळ असतात, म्हणून तिथे हे विशेष पाहायचं. पाठीत भूल दिली असेल किंवा शिरेभोवती भुलीचं पाणी सोडलं असेल तर पहिले काही तास पाय लुळा वाटू शकतो, तेवढा वेळ कुणाचा तरी आधार घेऊनच उठा. भूल उतरल्यावरही पाऊल लोंबत असेल तर "उद्या बघू" नाही. आधी बँडेजचा दाब काढायचा आणि त्याच दिवशी दाखवायचं.

गुठळी: इथे वाट पाहायची नाही

खोल शिरेतली गुठळी कमी जणांना होते, पण यादीतली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. धोका पहिल्या काही आठवड्यांत जास्त.

ऑपरेशनचा पाय थोडा सुजतोच. दुखणं कापलेल्या ठिकाणी, शिरेच्या रेषेवर असेल तर ते ऑपरेशनचं. पोटरीच्या मांसात खोलवर, सगळीकडे जड आणि आवळल्यासारखं दुखत असेल, पाय वर ठेवून रात्र गेली तरी सूज उतरत नसेल, कातडी कढत लागत असेल, तर टेप काढा आणि आधीच्याच खुणेवर मोजा. दुसऱ्या पायापेक्षा फरक ३ सेंटीमीटरहून जास्त भरला तर डॉक्टर तो गंभीर मानतात. ऑपरेशनआधीचा आकडा इथे उपयोगी पडतो, कारण काहींचे दोन पाय मुळातच सारखे नसतात. मात्र आकडा कमी भरला म्हणून निर्धास्त होऊ नका. गुठळी सूज न आणताही असू शकते.

पाऊल वर वाकवून पोटरीत कळ येते का, ही जुनी चाचणी अजून बरेच जण सांगतात. ऑपरेशन झालेल्या पायात ती कशानेही दुखते आणि गुठळी असूनही कधी दुखत नाही. मी ती कुणाला करायला सांगत नाही. खरं उत्तर डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, देते.

लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीत एक खास प्रकार होतो. भाजून बंद केलेल्या शिरेतली गुठळी तिच्या तोंडाशी, खोल शिरेत डोकावते. तेव्हा पेशंटला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून बरेच डॉक्टर पहिल्या आठवड्याच्या आसपास पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात. "मला तर बरं वाटतंय, कशाला जाऊ" म्हणून ती चुकवणारे पेशंट मला सगळ्यात जास्त चिडवतात.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर मला फोन करू नका. थेट अपघात विभागात जा किंवा रुग्णवाहिका बोलवा, आणि तिथे पहिलं वाक्य "पायाच्या शिरांचं ऑपरेशन झालंय" हे म्हणा. फेसाचं इंजेक्शन घेतलेल्यांना थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होऊ शकतं, तेही डॉक्टरांना कळवायचं. पण तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातातलं बळ जाणं याला पुन्हा थेट अपघात विभाग.

टाळण्यासाठी करायचं ते साधं आहे. त्याच दिवशी उठून चालायचं, जागेपणी तासा-तासाला थोडं. बसलेलं असताना पावलं वर-खाली हलवत राहायची, म्हणजे पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. दिवसभर पलंगावर पाय उंच करून झोपणं म्हणजे विश्रांती असं घरच्यांना वाटतं, ते खोडून काढा. पोटात घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर शेवटच्या सुईपर्यंत घ्या. लांबचा विमानप्रवास ठरला असेल तर तारीख आधी डॉक्टरांना सांगा.

जखम चिघळणं

पोटरीवरचे छेद दोन-तीन मिलिमीटरचे, पुष्कळदा टाका नसतो, नुसत्या चिकटपट्ट्या असतात. त्या क्वचितच चिघळतात. जांघेतली जखम घामाने ओली राहते, ती जास्त त्रास देते. पोटरीत मला काळजी असते ती आतल्या घोट्याच्या वर ज्यांची कातडी आधीच तपकिरी आणि कडक झालीय त्यांची. तिथे जखम भरायला वेळ लागतो.

लाली दिसली की आधी तिचा आकार बघा. चौकोनी, सरळ कडांची आणि खाजणारी लाली चिकटपट्टीची असते. पट्टी बदलली की जाते, वर आलेला फोड मात्र फोडू नका. संसर्गाला कोपरे नसतात. तो जखमेपासून सगळीकडे पसरतो, कढत असतो, आणि बहुतेकदा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान डोकं वर काढतो. कडेने रेघ मारा. रेघ ओलांडली, पू आला, ताप किंवा थंडी वाजून आली तर त्याच दिवशी या. उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने खाऊन येऊ नका, त्याने चित्र झाकलं जातं आणि आम्हाला उलगडा व्हायला वेळ लागतो.

छेदातून स्वच्छ, पिवळसर पाणी झिरपत असेल किंवा कातडीखाली न दुखणारी मऊ पाण्याची पिशवी झाली असेल तर ती लसिकेची (अंगातल्या बारीक वाहिन्यांतून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाची) गळती असू शकते. दाबाच्या बँडेजने बहुधा आटते. घरी सुई टोचून पाणी काढायचा प्रकार करू नये, कारण साध्या पाण्याचा तिथून पू होतो.

डाग, बारीक जाळी आणि परत दिसणाऱ्या शिरा

शिरेच्या रेषेवर तपकिरी पट्टा राहतो, रक्तातलं लोह कातडीत मुरल्यामुळे. महिने लागतात, कधी वर्षही. उन्हात तो गडद होतो, म्हणून झाका. गोरं करणारी मलमं लावू नका. कुणाकुणाला ऑपरेशनच्या जागी लाल-जांभळ्या केसासारख्या शिरांची जाळी उठते. दिसायला वाईट, धोका नाही. पुष्कळदा आपोआप फिकी होते, म्हणून काही महिने तिच्यावर इंजेक्शनची घाई नको.

परत फुगलेली शीर आणि जुनी गाठ यांत गोंधळ होतो. पाच मिनिटं उभे राहा आणि जागा बघा, मग आडवे होऊन पाय भिंतीला टेकवून वर करा. शीर असेल तर रिकामी होऊन सपाट होते, गाठ आहे तशीच राहते. ऑपरेशन नीट झालेलं असतानाही काही वर्षांनी दुसरी शीर गळायला, म्हणजे तिच्यातलं रक्त उलटं खाली उतरायला, लागू शकते, किंवा जुनी शीर खोल शिरेला मिळत होती तिथे नव्या बारीक शिरा फुटतात. तेव्हा डॉपलर उभं करूनच करतात, त्यामुळे पाय जांघेपर्यंत उघडा करता येईल असे कपडे घाला, स्टॉकिंग काढून जा, आणि कोणती शीर कुठून कुठपर्यंत बंद केली ते लिहिलेलं पहिल्या ऑपरेशनचं कार्ड बरोबर न्या.